पोटदुखीला कंटाळून

मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर एक वाक्य गेली कित्येक दशके जवळजवळ जसेच्या तसे छापले जात आहे. ‘पोटदुखीच्या त्रासाला कंटाळून विवाहितेची आत्महत्या.’ नाव बदलते, वय बदलते, तालुका बदलतो. पोटदुखी बदलत नाही. तिच्या जोडीला आणखी दोन ठरलेले शब्दप्रयोग असतात, ‘घरगुती कारणावरून’ आणि ‘कारण समजू शकले नाही’. तीन-साडेतीन ओळींच्या या बातमीखाली बहुधा बाजारभाव असतात.

ही पोटदुखी बातमीदाराने शोधलेली नसते. ती जबाबातून येते. गावात असा मृत्यू झाला की पोलिस पाटील वर्दी देतो, ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, हवालदार येतो, पंच गोळा होतात आणि घरातल्या कर्त्या पुरुषाचा जबाब लिहिला जातो. मयतास बरेच दिवसांपासून पोटदुखीचा त्रास होता, औषधोपचार करूनही गुण येत नव्हता, त्यास कंटाळून तिने असे केले असावे, आमची कोणाविरुद्ध तक्रार अगर संशय नाही. खाली सही किंवा अंगठा.

हा जबाब अडाणी नाही. तो फार विचाराने घडलेला आहे. सासरी जाच होता असे म्हटले की आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे कलम उघडते आणि माणसे आत जातात. डोक्यावर परिणाम झाला होता असे म्हटले की त्या घरच्या मुलामुलींची लग्ने अडतात. कर्ज म्हटले की सावकार आणि भाऊबंद दोघेही दारात. पोटदुखी मात्र गुन्हा आणि वेड यांच्या बरोबर मधल्या जागेत बसते. ती बाहेरून दिसत नाही, कोणावर ढकलता येत नाही, आणि ज्या बाईला ती होती असे सांगितले जाते ती आता सांगायला नसते. दीर्घ आजाराला खरोखर कंटाळलेली माणसेही असतात, हे नाकारायचे कारण नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या अहवालात देशभरातल्या 1,70,924 आत्महत्यांपैकी 18.4 टक्क्यांपुढे ‘आजार’ हे कारण लिहिलेले आहे. ‘कौटुंबिक समस्या’ 31.7 टक्के. राज्यवार आकड्यांत महाराष्ट्र पहिला, 22,746. या रकान्यांत आकडे भरतात ते शेवटी अशाच जबाबांतून.

आत्महत्येविषयी आपण जे मौन पाळतो त्याला सहसा ‘लाज’ म्हणतात. माझा अंदाज वेगळा आहे. मराठी समाजाने स्वेच्छामरणाची मनाई सरसकट कधीच केलेली नाही. काही मरणांना तर त्याने देवळे बांधली. मनाई आहे ती ‘का’ असे विचारण्याची, कारण त्या प्रश्नाचे उत्तर जिवंत माणसांकडे बोट दाखवते. ही मनाई कशी घडत गेली हे शब्दांच्या आधारानेच शोधता येते, आणि पहिला शब्द मला घराजवळच सापडला.

मी मुळशी तालुक्यातल्या जांबे गावी राहतो. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान एका अंगाला, देहू-आळंदीचा पट्टा दुसऱ्या अंगाला. इकडच्या जुन्या बायका बोलताना ‘विहिरीत पडली’ म्हणतात. ‘उडी मारली’ हे क्रियापद त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकले. पडली का, तर पाय घसरला. पाय का घसरला, याला मात्र एक उत्तर असते: आसरांनी नेली.

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवता. विहिरीच्या काठावर, ओढ्याच्या डोहापाशी शेंदूर फासलेले सात दगड मांडलेले असतात, तेथे हिरवा खण, बांगड्या, ओटी, दहीभात जातो. दामोदर कोसंबी पुण्याभोवतीची खेडी पायी हिंडून देवतांची टिपणे करत, त्यात मावळातल्या मावलाया या जलदेवता आल्या आहेत आणि त्यांचे साती आसरांशी असलेले नातेही. पण या देवता कोण, याचे सर्वांत विलक्षण उत्तर इंग्रजी अमदानीत एन्थोवेन या सनदी अधिकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या लोकसमजुतींच्या टिपणांत आहे. एक-दोन मुले झाल्यावर जिने पाण्यात जीव दिला अशा तरुण बाईचे भूत म्हणजे आसरा. ती पाण्यातच राहते, आणि भर दुपारी, तिन्हीसांजेला किंवा मध्यरात्री जो तेथे जाईल त्याला धरते.

ही नोंद वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटले नव्हते. म्हणजे लोकांना ठाऊक होते. मुले पदरी असलेली तरुण बाई पाण्याकडे जाते, हे इतक्यांदा घडले होते की त्याची एक देवता झाली. तिचे नाव गेले, सासर गेले, कारण गेले. उरली भीती आणि ओटी. आणि पुढची बाई गेली की दोष कोणाचा, तर आधीच्या बाईचा. घर पुन्हा मोकळे. पोटदुखी ही आसरेची धाकटी बहीण आहे असे मला तेव्हापासून वाटते. एक पंचनाम्यात चालते, दुसरी चालत नाही, एवढाच फरक.

धर्मशास्त्राची भूमिका वरवर कडक आहे. मनुस्मृतीने आत्मत्याग करणाऱ्याला उदकदान नाकारले. कौटिल्याने तर काम-क्रोधाच्या भरात जीव देणाऱ्याचे प्रेत दोरीने राजमार्गावरून ओढत न्यावे आणि अंत्यसंस्कार करू नयेत असे सांगितले. पण भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात ही वचने वाचत गेले की त्यांना जोडून आलेल्या सवलतीही दिसू लागतात: असाध्य रोगी, वृद्ध, वानप्रस्थ, तीर्थक्षेत्री देह ठेवणारा. उरलेल्यांसाठीही वाट आहे. दुर्मरण आलेल्यांसाठी नारायणबली करायला माणसे आजही त्र्यंबकेश्वरला जातात. गावात मृत्यूचे कारण उच्चारायचे नाही, पण त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींना ते सांगावे लागते; कित्येक घरांत खरे कारण बाहेरच्या एकाच माणसाला कळलेले असते.

जांब्याहून पुणे ओलांडून थेऊरला जाता येते. तेथे 18 नोव्हेंबर 1772 रोजी थोरले माधवराव पेशवे वारले आणि रमाबाई सती गेल्या. मुळा-मुठेच्या काठी त्यांचे वृंदावन आहे. गावोगावच्या वेशीवर, मारुतीच्या पारावर सतीशिळा दिसतात, कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेल्या. नवऱ्याबरोबर जळाली तिला दगड मिळाला. नवऱ्यामुळे बुडाली तिलाही दगड मिळाला, पण शेंदूर फासून, नाव पुसून. मुंबई इलाख्यात 1830 साली सतीबंदी झाली. शिळांवरची हळदकुंकवे त्यानंतरही थांबली नाहीत.

पुरुषांच्या बाबतीत भाषा आणखी उदार होते. आळंदीच्या संजीवन समाधीची तुलना कशाशीच करायची नाही, ती वारकऱ्यांच्या श्रद्धेची बाब आहे. पण अर्वाचीन काळातली उदाहरणे घेता येतात. धर्मानंद कोसंबींनी जून 1947 मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. सावरकरांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांत भेद करणारा लेख लिहिला, फेब्रुवारी 1966च्या आरंभी अन्न-औषध थांबवले आणि 26 फेब्रुवारीला ते गेले. विनोबांनी पवनारला तेच केले. 15 नोव्हेंबर 1982, ऐन दिवाळीचा दिवस. प्रायोपवेशन, आत्मार्पण, देहविसर्जन. कार्य पूर्ण झाले, आता निरोप, अशी या मरणांची मांडणी असते आणि समाज ती मान्य करतो, कारण तिच्यात कोणावर आरोप नाही. कृतकृत्य माणसाचे मरण कोणाला काही विचारत नाही.

साने गुरुजींचे मरण विचारत होते, म्हणून ते आपल्याला पेलले नाही. 1947च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले, ते उपोषण आपण अभिमानाने सांगतो. गांधीहत्येनंतरचे एकवीस दिवसांचे उपोषण सांगतो. 15 ऑगस्ट 1948 रोजी काढलेले ‘साधना’ साप्ताहिक सांगतो. त्यानंतर दोन वर्षे उलटायच्या आत, 11 जून 1950 रोजी, त्यांनी स्वतःहून जगणे संपवले, हे सांगायची वेळ आली की आपले आवाज खाली येतात. निर्वाण, महाप्रस्थान, प्राणार्पण असे शब्द पुढे होतात. शाळेच्या पुस्तकात धड्याच्या वर कंसात 1899 ते 1950 एवढे असते. पन्नास वर्षांचा माणूस, ज्याच्या ‘श्यामची आई’ने तीन पिढ्यांना रडवले, तो का गेला, हे वर्गात मुले विचारत नाहीत आणि शिक्षक सांगत नाहीत. कोणी म्हणतात स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास, कोणी म्हणतात फार हळवे होते. ‘हळवे’ हा शब्दही पोटदुखीच्याच जातीचा आहे. तो सगळे कारण गेलेल्या माणसाच्या अंगात शोधतो. आज ज्याला नैराश्याचा आजार म्हणतात त्याचा विचार गुरुजींच्या संदर्भात करणे अनेकांना अजून अपमानकारक वाटते. मला ते त्यांच्यावरचे प्रेमच वाटते.

मरणाने जाब विचारण्याची आपल्याकडे एक जुनी, उघड रीत होती. तिचे नाव त्रागा. आज त्रागा म्हणजे आदळआपट, बायकांनी किंवा सासऱ्यांनी करायची. मूळ अर्थ असा की ज्याने अन्याय केला त्याच्या दारात स्वतःला, कधी आपल्या पोटच्या मुलालाही, इजा करायची वा मारायचे, म्हणजे त्या रक्ताचे पाप अन्याय करणाऱ्याच्या माथी बसे. काठियावाड-गुजरातेत भाट-चारणांनी ही गोष्ट जवळजवळ व्यवसायाच्या पातळीवर नेली होती. आपल्याकडे धरणे होते: थकलेल्या पगारासाठी शिपायांनी सरदाराच्या दारात अन्नपाण्यावाचून बसायचे, आणि रिवाज असा की सरदारानेही तोवर जेवायचे नाही. 1809 मध्ये शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत या धरण्यांची वर्णने आहेत. क्रूर होते हे सगळे, निरागस मुलांचा बळी घेणारे. त्याचे गोडवे गाण्यासारखे काही नाही. पण एक गोष्ट त्यात गृहीत होती. मेलेल्याच्या मरणाचे उत्तर ज्याच्या दारात तो मेला त्याने द्यायचे.

1860च्या भारतीय दंडसंहितेने हे दार बंद केले. कलम 508 दैवी कोपाची भीती घालण्याविषयी आहे आणि त्याची दोन्ही उदाहरणे या देशातून उचललेली आहेत: एक धरणे धरणाऱ्याचे, दुसरे आपले मूल मारीन अशी धमकी देणाऱ्याचे. त्याच संहितेत कलम 309 आले: आत्महत्येचा प्रयत्न, एक वर्षापर्यंत साधी कैद. हे मात्र इथले नव्हते. इंग्लंडात आत्महत्या हा देव आणि राजा दोघांविरुद्धचा गुन्हा. 1823 पर्यंत तेथे अशा प्रेताला चव्हाट्यावर पुरून वर मेख ठोकण्याची चाल होती. त्या देशाने 1961 मध्ये हा गुन्हा रद्द केला. आपण तो जपून ठेवला.

कलम 309ने तुरुंगात फार माणसे घातली नाहीत. त्याने वेगळे काम केले. जो वाचला तो आरोपी, म्हणून दवाखान्यात आणल्यावर घरचे सांगू लागले, ‘चुकून घेतले’, ‘खोकल्याचे औषध समजून घेतले’. खरे सांगितले असते तर मदत मिळण्याची शक्यता होती. खोटे सांगितल्याने माणूस तीन दिवसांनी त्याच घरात, त्याच खोलीत परत. पोटदुखीला सरकारी आश्रय मिळाला तो असा.

त्या कलमाला पहिला मोठा धक्का मुंबई उच्च न्यायालयानेच दिला. मुंबई पोलिस दलातला एक शिपाई अपघातात डोक्याला मार लागून मानसिक रुग्ण झाला होता. पत्नीला भाजीच्या दुकानाचा परवाना मिळेना, म्हणून त्याने महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर जीव देण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्यावर 309 लागले. 1986 मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. आजारी माणसाला कोठडीची नव्हे, दवाखान्याची गरज आहे, हा त्या निकालाचा गाभा. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये हीच दिशा धरली आणि 1996 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती सोडून कलम पुन्हा जिवंत केले. पुढे 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे गृहीत धरायला सांगितले की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, त्याला शिक्षा नको, उपचार द्यावेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्यायसंहिता आली आणि 309 गेले. पूर्ण मात्र गेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न कलम 226 खाली अजून गुन्हा आहे. आयुक्तांच्या दारातल्या त्या शिपायाला आज दोन्ही कलमे दाखवता आली असती, सुटकेचे आणि शिक्षेचे. माफी मिळाली आहे ती घरात गुपचूप मरू पाहणाऱ्याला. दारात येऊन मरू पाहणारा अजून त्रागा करणाराच.

त्याच 1986 सालच्या मार्च महिन्यात, 19 तारखेला, यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह जगाचा निरोप घेतला. या तारखेला आता दरवर्षी अनेक लोक एक दिवस अन्नत्याग करतात. विदर्भातल्या शेतकऱ्यांची मरणे ही मराठीतली पहिली मोठी आत्महत्या-चर्चा, जिच्यात कारण घराबाहेर शोधले गेले: कापसाचा भाव, कर्ज, पाणी. हे मोल मोठे आहे. पण सरकारी मदत सुरू झाली आणि 2006च्या शासन निर्णयाने निकष ठरले, तेव्हा एक नवी जोडी जन्माला आली, ‘पात्र आत्महत्या’ आणि ‘अपात्र आत्महत्या’. जमीन नावावर हवी, कर्ज मान्यताप्राप्त ठिकाणचे हवे, नापिकी हवी. मदत एक लाख. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. येथे जबाबाची दिशा उलटी झाली. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या कारण लपवले त्यांना आता कारण सिद्ध करायचे होते, सातबारा जोडून. नवऱ्याबरोबर तेवढेच राबणारी, जमीन नावावर नसलेली बाई गेली तर ती शेतकरी ठरत नाही. तिच्यासाठी पोटदुखी आहेच.

पुण्यात एकदा मात्र हे मौन भर रस्त्यात मोडले गेले. 12 जून 1982 रोजी, लग्नाला चारच महिने झालेली मंजुश्री सारडा विषामुळे मृतावस्थेत सापडली. खून की आत्महत्या, हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली होती, उच्च न्यायालयाने ती कायम केली. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याची साखळी पूर्ण होत नाही म्हणून त्यांना निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याचे पाच निकष म्हणून हा निकाल विधी महाविद्यालयांत शिकवतात. माझे लक्ष त्यातल्या पत्रांकडे जाते. मंजुश्री बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहीत होती. त्यांत दुःख होते, आणि आई-वडिलांना ते कळून त्रास होऊ नये अशी काळजीही होती. न्यायालयाने या पत्रांतून खिन्न, संवेदनशील, आतल्या आत कुढणारी मुलगी वाचली आणि तिने स्वतः जीव दिला असण्याची शक्यता मोकळी ठेवली. निकाल पुराव्याच्या नियमांनी लागला, तसाच लागायला हवा. तरी वाचताना टोचते ते हे की मुलीला लहानपणापासून शिकवलेले ‘घरचे बाहेर बोलू नये’ हे वळण अखेर न्यायालयाच्या मेजावर येऊन पडले होते.

त्याच वर्षी नारी समता मंच उभा राहिला. ‘स्त्री’ मासिकातल्या विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रदर्शन केले, ‘मी एक मंजुश्री’, आणि ते गावोगाव नेले. या नावातच सारे आले आहे. आसरेच्या कथेत मेलेली बाई दुसरीला ओढून नेते. येथे जिवंत बायका मेलेलीचे नाव लावून उभ्या होत्या. प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका पोस्टरसमोर थांबून आपले सांगू लागल्या. ऐकायला जागा हवी म्हणून मंचाने केंद्र सुरू केले, त्याचे नाव ‘बोलते व्हा’. पुण्याला अशा दाराची आठवण होती: 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा संकटात सापडलेल्या विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, असाच त्याचा रिवाज होता. जीव द्यायला निघालेली एक विधवा तेथे वाचली आणि तिचा मुलगा, यशवंत, फुल्यांनी दत्तक घेतला, असे चरित्रकार सांगतात. ‘का’ हा प्रश्न त्या घरात वेळेवर, म्हणजे जिवंतपणी, विचारला जात होता.

ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा चालू आहे, 14416 या क्रमांकावर, दिवसरात्र, मराठीतही. हिंजवडीच्या कंपन्यांत समुपदेशक असतात, सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर मानसिक आरोग्य दिनाचे संदेश फिरतात. त्याच गटांवर एखाद्या इमारतीत काही घडले की दुसऱ्या दिवशी सूचना येते: कृपया यावर चर्चा करू नये, फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होतो. आणि बातमीत आता विहीर नसते, पाय घसरत नाही. ‘तोल जाऊन’ असे छापतात.